जकुझीच्या पंपाची मोटर मधूनच सुरू होत नाही? या चुका टाळा

लोणावळा, कर्जत किंवा अलिबागकडच्या ज्या बंगल्यांत जकुझी बसवलेली असते, तिथली शनिवार सकाळची तक्रार ठरलेली असते: आठवडाभर बंद असलेल्या पंपाचे बटण दाबले तर मोटर फिरत नाही, आणि तासाभराने कोणी काहीही न करता ती आपोआप सुरू होते. पुरती जळालेली मोटर ओळखणे सोपे असते. मधूनच रुसणारी मोटर मात्र वायरमन आला की नेमकी नीट चालते, आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो.

पहिली चूक आवाजाकडे लक्ष न देण्याची. मोटर घूं घूं करते पण फिरत नाही, याचा अर्थ वीज मोटरपर्यंत पोहोचली आहे आणि दोष सुरुवातीचा झटका देणाऱ्या भागांत, कमी व्होल्टेजमध्ये किंवा जाम झालेल्या पंपात आहे. काहीच आवाज नसेल, तर बहुधा वीजच पोहोचत नाही किंवा तापलेल्या मोटरचा थर्मल ओव्हरलोड (मोटर फार तापली की वीज तोडणारा स्विच) उडालेला आहे.

घूं घूं ऐकताच कंडेन्सर (वीज साठवून मोटरला जोर देणारा भाग) बदलून मोकळे होणे ही सर्वांत महागडी सवय. कंडेन्सर खरोखर कमजोर झालेला असू शकतो. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडशी मीटरवरचा आकडा ताडून पाहिला की ते कळते. पण स्टार्ट कंडेन्सर असलेल्या बऱ्याच मोटरींत त्याच्या जोडीला सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. मोटरने पूर्ण वेगाच्या साधारण तीन चतुर्थांश वेग गाठला की तो उघडतो, म्हणजे स्टार्ट कंडेन्सरची जोडणी तोडतो, आणि मोटर थांबल्यावर पुन्हा मिटतो. त्याचे कॉन्टॅक्ट काळे पडले किंवा सरकणारा भाग गंजून अडकला, की तो कधी मिटतो, कधी मिटत नाही. मोटरच्या मागच्या झाकणावर हलके ठोकल्यावर ती सुरू होत असेल, तर संशय प्रथम याच्यावर घ्यावा. उलट हा स्विच मिटलेलाच राहिला, तर काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला स्टार्ट कंडेन्सर सतत जोडलेला राहतो आणि फुटतो. दर दोन महिन्यांनी नवा कंडेन्सर लागत असेल, तर दोष कंडेन्सर विकणाऱ्याचा नव्हे. कायम जोडलेल्या रन कंडेन्सरवरच चालणाऱ्या मोटरीत हा स्विच नसतो, म्हणून आधी मोटरचा प्रकार पाहावा.

व्होल्टेज मोटर बंद असताना मोजणे हीही चूकच. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे पंपघरापर्यंत लांबवर नेलेल्या बारीक वायरीत व्होल्टेज त्याच क्षणी कोसळते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर जेमतेम 61 टक्के जोर उरतो. माप मोटरच्या टर्मिनलवर, सुरू होण्याच्या क्षणी, जाणकाराकडूनच घ्यावे.

वीज चालू ठेवून शाफ्टला काठीने किंवा पेचकसाने फिरवण्याचा जुगार कोणीही करू नये. मेन स्विच बंद करून कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करावा आणि मगच शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे बंद पंपाचे सील किंवा इम्पेलर (पाणी ढकलणारे चाक) चिकटलेले असतील, तर ते तिथेच कळते. थर्मल ओव्हरलोड बऱ्याच मोटरींत गार झाल्यावर आपोआप जोडला जातो, त्यामुळे गप्प पडलेल्या मोटरीत वीज न तोडता घातलेला हात बोटांवर बेतू शकतो. आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार उडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणाऱ्या कारागिराला तर पुन्हा बोलावूच नये. जकुझीत माणसे पाण्यात बसलेली असतात.

अजिबात आवाज नसेल, तर मोटर उघडण्याआधी हवेच्या दाबावर चालणारे बटण आणि त्याची बारीक नळी तपासावी. नळीला चीर गेली असेल, तर बटण कधी लागते, कधी लागत नाही. पहिल्या पावसानंतर मी तर आधी कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) उघडतो, कारण त्यात शिरलेल्या मुंग्या किंवा चिरडलेली पाल कॉन्टॅक्ट नीट जुळू देत नाही. आणि त्याच पंपघरात क्लोरीनची उघडी बादली ठेवलेली असेल, तर ती त्याच दिवशी बाहेर काढावी. तिच्या वाफा तांब्याची टर्मिनल आणि स्विचचे कॉन्टॅक्ट दोन्ही खातात.