गुराब आणि गलबतं वॉरगेममध्ये उतरवण्याआधी

शिडाच्या जहाजांवरच्या बऱ्याच वॉरगेममध्ये, म्हणजे नकाशावर लढाई खेळायच्या खेळांत, जहाजाची ताकद मोजायची म्हणजे तोफा मोजायच्या. त्या हिशेबात मराठा आरमाराची गलबतं, म्हणजे वल्ह्यांवरही चालणारी लहान जहाजं, टाकली, तर ती पहिल्या दोन-तीन चालींतच बुडणार. म्हणून आधी पाणी, मग वारा आणि शेवटी जहाजं, हा क्रम पाळा.

सुरुवातीला एकच मोहीम निवडा. माझी पसंती १६७९ च्या खांदेरीला. अलिबागजवळच्या थळसमोरच्या या लहानशा बेटावर शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम काढलं आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते अडवायला नाकेबंदी केली. नकाशा मुंबई बंदरापासून नागाव-चौलपर्यंत पुरे, फक्त नागोठण्याची खाडी सोडू नका. नकाशावरची पाण्याची घरं खोल समुद्र, उथळ समुद्र आणि खाडी अशी वेगळी रंगवा. कोणत्या जहाजाला किती पाणी लागतं हे त्याच्या नोंदीत हवंच. मोठं इंग्रजी जहाज खाडीच्या तोंडाशी अडलं पाहिजे आणि गलबत बिनघोर आत गेलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ वाऱ्यावर घाला. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा, आणि दोन्हींच्या मधे कधीकधी वारा साफ पडलेला. दिवसाचे निदान चार भाग करा, नाहीतर हे खेळात दिसणारच नाही. वारा पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी उभं राहतं. गलबत मात्र वल्ह्यांवर चालतं. आंग्र्यांच्या काळातल्या इंग्रजी वर्णनांत गलबताला चाळीस-पन्नास वल्ही आणि तासाला सुमारे चार मैलांचा वेग सांगितला आहे. खांदेरीचं काम पावसाळा सरता सरता सुरू झालं, तेव्हा खवळलेल्या समुद्राचाही एक नियम तयार ठेवा.

आता जहाजं. गुराब म्हणजे गलबतापेक्षा मोठं लढाऊ जहाज. त्याच वर्णनांत तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत आणि गलबत क्वचितच ७० टनांवर जाणारं. हे आकडे अठराव्या शतकातले आहेत, १६७९ साठी जहाजं लहानच धरा. गुराबीच्या मुख्य तोफा, ९ ते १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या), नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, पुढे मारा करत. त्यामुळे समोरचा मारा आणि बाजूचा मारा वेगळा ठेवा, आणि शिडं-डोलकाठ्यांचं नुकसान बुडाच्या नुकसानीपासून वेगळं मोजा. शत्रूच्या मागे राहायचं, त्याची शिडं फाडायची, तो लंगडा पडला की माणसं चढवायची, ही लढण्याची रीतच आहे. ती नियमांत बसली नाही तर गुराब म्हणजे नुसतं निराळं चित्र उरेल. वारा नसताना गलबतांनी गुराबीला दोरखंडाने ओढून नेण्याची आज्ञाही द्या. माझ्या मते या आरमारातलं सगळ्यात देखणं डावपेच तेच. लहान गलबतांवर जंबुरे, म्हणजे फिरत्या लहान तोफा, पुरेत. खरी ताकद माणसांची, म्हणून प्रत्येक जहाजावरची लढाऊ माणसं स्वतंत्र आकड्यात लिहा.

नावांचं काम छोटं, पण नीट करा. मराठा जहाजांना खेळातला 'पायरेट' (समुद्री चाचे) हा तयार गट लावू नका. ते राज्याचं आरमार होतं. या मोहिमेत त्याचा सरदार दौलतखान, तर बेटावरची जबाबदारी मायनाक भंडाऱ्याकडे.

शेवटी १८ ऑक्टोबर १६७९ ची लढाई पुन्हा पुन्हा चालवून बघा. त्या दिवशी मराठ्यांनी 'डव्ह' ही इंग्रजांची गुराब पकडली. 'रिव्हेंज' ही इंग्रजांची युद्धनौका मात्र हटली नाही, तिने काही गलबतं बुडवली आणि बाकीची मागे सरली. तरीही रात्री लहान होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या, आणि जानेवारी १६८० पर्यंत इंग्रजांनी तिथून काढता पाय घेतला. म्हणून विजयाचे गुण बुडवलेल्या जहाजांवर ठेवू नका, खांदेरीवर पोचलेल्या रसदेवर ठेवा. 'रिव्हेंज' दर वेळी एकटी नाकेबंदी टिकवत असेल, तर रात्रीच्या चालीत जहाजांना किती लांबचं दिसतं ते आधी तपासा, गलबतांच्या तोफा वाढवू नका.