मुलांसोबत कराटे शिकायचे असेल तर

मुलांना कराटेच्या वर्गाला सोडून तासभर बाहेर दुचाकीवर बसून राहणारे पालक पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांच्यापैकी ज्यांना आपणही आत जाऊन शिकावे असे वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर व्हाइट बेल्ट बांधला. तेव्हापासूनच्या अनुभवाने एक गोष्ट मला पक्की पटली आहे, ती म्हणजे आईपण चपलांबरोबर दाराबाहेर ठेवता आले, तरच हे एकत्र शिकणे टिकते.

तालमींच्या या शहरात वर्गांना तोटा नाही, त्यामुळे घाई न करता आधी एक अख्खा तास नुसता बसून पाहावा. मोठी माणसे आणि मुले एकाच बॅचमध्ये चालतात का, हे सरांना स्पष्ट विचारावे. लहान मुलांना सिमेंटच्या जमिनीवर मुठींवर जोर काढायला किंवा कौले फोडायला लावत असतील, तर तिथून परत फिरावे. वाढत्या वयातल्या हाडांची टोके अजून कोवळी असतात. पहिल्याच दिवशी पुढच्या बेल्टची तारीख सांगणारा वर्गही मी टाळला असता.

वर्गात शेजारी-शेजारी उभे राहू नये. सुरुवातीच्या आठवड्यात मी माझ्या मुलीची मूठ रांगेतच दोनदा नीट केली. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने संपूर्ण तासभर माझ्याकडे पाहिले नाही. चूक दाखवण्याचे काम सरांचे आहे आणि ते त्यांच्यावरच सोपवावे, अगदी डोळ्यांनी खुणावणेसुद्धा टाळावे, कारण मुलांना ती खूण ओरडण्याइतकीच स्पष्ट कळते.

घरच्या सरावात मात्र सूत्रे मुलांच्या हाती द्यावीत. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची साखळी. कराटेच्या शोतोकान पद्धतीत पहिली मोठी काता म्हणजे हेयान शोदान. हेयान कातांची मालिका मुळात ‘पिनान’ या नावाने कराटेगुरू इतोसू आन्को यांनी जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळकरी मुलांसाठी रचली होती, त्यामुळे ती मुलांच्या अंगात आपल्यापेक्षा लवकर मुरते, यात नवल नाही. हेयान शोदानमध्ये एकवीस हालचाली आहेत. मुलाने जपानीत आकडे मोजावेत, पालकांनी त्यावर काता करावी, मग अदलाबदल करावी. माझी मुलगी मोजताना माझ्या मागच्या पायाकडे पाहत असते. पुढचा गुडघा वाकवून मी ठोसा मारला की मागची टाच जमिनीवरून उचलली जाते, आणि ‘‘आई, टाच!’’ असे ती लगेच म्हणते. तिने हे सांगितले की मी तिथेच थांबते, टाच टेकवते आणि तीच हालचाल पुन्हा करते. वाद घालत नाही. असे महिनाभर चालल्यावर मी सांगितलेली चूकही ती घरी मुकाट्याने ऐकून घेऊ लागली.

जोडीच्या सरावात उंचीतला फरक विसरू नये. पॅड धरताना पालकांनी गुडघ्यावर बसून तो मुलाच्या छातीच्या उंचीवर आणि स्वतःच्या तोंडापासून लांब, जरा बाजूला धरावा. ठोसा आपण मारणार असू, तर अंतर आपल्या हाताच्या लांबीने ठरवावे आणि मूठ मुलाच्या अंगापासून वीतभर अलीकडे थांबवावी; मुलाने अडवले नाही तरी लागणार नाही, याची खात्री झाल्यावरच वेग वाढवावा. दोघांचीही नखे कापलेली हवीत.

चाळिशीच्या शरीराला मुलांपेक्षा जास्त वॉर्म-अप लागतो. मुले पाच मिनिटांत तयार होतात, म्हणून आपण पंधरा मिनिटे आधी सुरुवात करावी. मी ते केले नाही, पोटरी ताणली गेली आणि एक परीक्षा हुकली. जागेचेही तसेच आहे. सोसायटीची गच्ची पहाटे उत्तम असते, परंतु एप्रिल-मेमध्ये ऊन चढल्यावर अनवाणी पाय भाजतात आणि पावसाळ्यात शेवाळामुळे ती धोक्याची होते. जून ते सप्टेंबर आम्ही दिवाणखान्यातली सतरंजी गुंडाळून, टीपॉय भिंतीला लावून सराव करतो. पूर्ण काता मावत नाही, तेव्हा प्रत्येक पाऊल जागच्या जागी घेतो.

परीक्षेचे फॉर्म दोघांनी एकाच वेळी भरावेत, हा आग्रह सोडून द्यावा. ज्याची तयारी झाली असेल त्याने परीक्षा द्यावी. हुकलेल्या त्या परीक्षेमुळे मी आज ऑरेंज बेल्टवर आहे आणि मुलगी ग्रीनवर. रांग बेल्टप्रमाणे लागते, ज्येष्ठ उजवीकडे. त्यामुळे नमस्कारासाठी वाकताना ती माझ्या उजव्या हाताला, दोन जागा पुढे असते.