लहानग्यांसाठी पहिले ब्रेल गोष्टीचे पुस्तक तयार करताना

डोळस मुलाच्या नजरेस अक्षरे सतत पडत असतात. दृष्टिबाधित मुलाच्या बोटांखाली मात्र ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची लिपी, कोणीतरी मुद्दाम आणून ठेवावी लागते. त्यामुळे ब्रेलचे पहिले पुस्तक वाचायला शिकण्याच्या बरेच आधी, मूल वस्तू चाचपू लागले की लगेच, त्याच्या हाती द्यावे. असे पुस्तक घरीही करता येते.

गोष्ट मुलाने स्वतः अनुभवलेल्या प्रसंगाची असावी. आंघोळीची गोष्ट घेतली, तर एका पानावर स्पंजचा तुकडा, पुढच्या पानावर त्याच्याच जुन्या टॉवेलचा तुकडा आणि शेवटी कंगवा असे पाच-सहा पानांत काम भागते. वस्तू शक्यतो खऱ्याच घ्याव्यात. प्लास्टिकचा इवलासा हत्ती डोळ्यांना हत्ती वाटतो, कारण डोळ्यांना मूळ हत्ती ठाऊक असतो. बोटांना तो केवळ चार पायांचा गुळगुळीत तुकडा लागतो. उठावदार रेषांनी काढलेल्या बाह्याकृतीचेही तेच होते, आणि बाजारातली कित्येक देखणी ‘स्पर्श-पुस्तके’ प्रत्यक्षात पाहणाऱ्यांसाठीच केलेली असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पानावरची वस्तू शिवून किंवा पक्की बांधून घ्यावी. सुटून तोंडात जाईल अशी मणी-बटणे अगदी लहान मुलांसाठी वापरू नयेत.

ब्रेलसाठी साध्या कागदापेक्षा जाड, टिंब धरून ठेवणारा कागद लागतो. ब्रेल पाटी आणि लेखणी वापरल्यास टिंबे कागदाच्या मागून टोचली जातात, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे उलटे लिहावे लागते. सहा कळांच्या ब्रेलरवर, म्हणजे ब्रेल लिहिण्याच्या यंत्रावर, ही कसरत करावी लागत नाही. मूल लहान म्हणून टिंबे मोठी करण्याचा मोह टाळावा. ब्रेलच्या एका घरातील, म्हणजे एका चिन्हाच्या सहा टिंबांच्या जागेतील, शेजारच्या दोन टिंबांमधले अंतर सुमारे २.५ मिलिमीटर असते, ते एवढ्याचसाठी की सहाही टिंबांचे घर बोटाच्या एका पेराखाली मावावे. गोंदाचे थेंब टाकून केलेल्या ब्रेलमध्ये हे माप क्वचितच साधते.

मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल, वापरतात. तिच्यात काना-मात्रेच्या जागी स्वरांची स्वतंत्र चिन्हे येतात, म्हणून ‘साबण’ हा शब्द स, आ, ब, ण अशी चार घरे घेतो. जोडाक्षरे टाळण्यासाठी वाक्य ओढूनताणून सोपे करू नये. या टप्प्यावर मुलाला अक्षरे ओळखायची नसतात, तर ऐकू येणारे शब्द आणि बोटांना लागणारी टिंबे यांचा संबंध आहे, एवढेच उमगायचे असते. एका पानावर एक छोटे वाक्य पुरते. ते प्रत्येक पानावर एकाच जागी असावे, वस्तूपासून वेगळे राहावे, आणि दोन ओळी असल्यास मधली एक ओळ मोकळी सोडावी. डोळस पालकांसाठी तेच वाक्य छापील अक्षरांतही द्यावे. बांधणीपूर्वी मजकूर ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. एक टिंब चुकले तरी अक्षर बदलते. बांधणी सपाट उघडणारी, म्हणजे स्पायरलची, करावी.

वाचताना मुलाचा हात धरून टिंबांवरून ओढू नये. आपला हात खाली ठेवावा आणि मुलाला स्वतःचा हात त्यावर ठेवू द्यावा, म्हणजे नको वाटेल तेव्हा त्याला तो काढून घेता येतो. बोटे डावीकडून उजवीकडे हलकेच सरकावीत. दाबून घासल्यास टिंब उलट कमीच कळते. मूल टॉवेलच्या तुकड्यावरच रेंगाळले, तर रेंगाळू द्यावे आणि ते वाक्य पुन्हा वाचावे.

पुस्तके एकावर एक न रचता उभी ठेवावीत, नाहीतर टिंबे दबतात. हाताळून सपाट झालेले पान स्पायरलमधून काढून नव्याने लिहावे, त्याची वस्तू मात्र शक्यतो तीच ठेवावी, कारण मूल ते पान तिच्यावरूनच ओळखत असते.