टेक बायआउट शिकताना: शेअरमधला पगार रोखीत बदलतो तेव्हा

सीए, एमबीए किंवा इंजिनिअरिंग करून तुम्ही प्रायव्हेट इक्विटीच्या कामाला लागला असाल, पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतल्या डीलची मॉडेलं बनवत असाल, तर एलबीओ (मुख्यतः कर्जाच्या जोरावर कंपनी विकत घेणं, म्हणजेच बायआउट) काय असतं हे इथे विस्ताराने सांगत बसत नाही. एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) किती पट किंमत, किती कर्ज, पाच वर्षांनी विक्री, आयआरआर (गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा) किती, हे तुम्हाला येतंच. पण सॉफ्टवेअर कंपनी समोर आली की याच शीटमध्ये एक मोठी चूक राहून जाते. बेरजा सगळ्या जुळतात, बॅलन्स शीटही जुळते, त्यामुळे ती कुणाच्या नजरेला पडत नाही.

ही चूक शेअरच्या रूपात दिलेल्या पगाराची आहे. बाकीचं सगळं वरवर वाचलंत तरी चालेल, हे मात्र सावकाश वाचा.

लिस्टेड सॉफ्टवेअर कंपनी इंजिनिअरच्या मोबदल्याचा बराच भाग आरएसयूमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर हाती येणाऱ्या शेअरमध्ये, देते. ते साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होतात, म्हणजे कर्मचाऱ्याच्या मालकीचे होतात. नफा-तोट्यात खर्च पडतो, पण खात्यातून रोकड जात नाही, म्हणून समायोजित एबिटडा काढताना कंपनी तो खर्च नफ्यात परत जमा धरते. कंपनी लिस्टेड आहे तोवर हा बोजा शेअरहोल्डर उचलतात, त्यांचा हिस्सा पातळ होत जातो. बायआउट झालं की शेअर बाजारातून उठतो. मग इंजिनिअरला शेअर देऊन उपयोग काय? तो विकणार कुठे? म्हणून बहुतेक करारांत व्हेस्ट न झालेले आरएसयू ऑफरच्या भावाने रोख रकमेत बदलतात आणि ती रक्कम जुन्याच तारखांना द्यायची असते. काल जो खर्च कागदावरचा होता, तो आता दर तिमाहीला बँक खात्यातून जातो.

आकडे मांडून बघा. समजा विक्री ४० कोटी डॉलर आणि समायोजित एबिटडा १० कोटी. त्यात परत जमा धरलेला शेअरचा पगार ६ कोटी. कर्ज सहा पट, म्हणजे ६० कोटी, व्याज १० टक्के, म्हणजे ६ कोटी. कर १ कोटी, भांडवली खात्यात टाकलेला सॉफ्टवेअरचा खर्च १ कोटी. शीट म्हणते २ कोटी उरले. आता व्हेस्ट न झालेले आरएसयू ४० लाख आणि ऑफर २५ डॉलर धरा: देणं १० कोटी. एक चतुर्थांश लोक सोडून गेले आणि त्यांचं रद्द झालं असं धरलं तरी साडेसात कोटी राहतात. व्हेस्टिंगचा भार सुरुवातीला जास्त असतो. निम्मं पहिल्याच वर्षी आलं तर पावणेचार कोटी गेले. दोन कोटी शिल्लक दाखवणारी कंपनी पावणेदोन कोटींनी तुटीत आहे, आणि तेही विक्री एका डॉलरनेही न घसरता.

याखेरीज दरवर्षी जे नवे आरएसयू मिळायचे, त्यांच्या जागी काहीतरी द्यावं लागतं. नव्या मालकांची प्रोत्साहन योजना वरच्या थोड्या लोकांपुरतीच असते, बाकीच्यांना रोख बोनस. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात हा खर्च शून्यावर आणू नका. आणि ‘कपात करू, मग हे देणंही जाईल’ असं धरू नका. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याचं देणं जातं, पण काही करारांत कंपनीने काढलेल्या माणसाचं उरलेलं सगळं ताबडतोब व्हेस्ट होतं. अशा वेळी कपातीने पहिल्या वर्षीची रोकड आणखी आटते.

आकडा शोधायचा कुठे? वार्षिक अहवालातल्या शेअर-मोबदल्याच्या टीपेत दोन गोष्टी असतात: व्हेस्ट न झालेल्या युनिटची संख्या आणि अजून खर्ची न पडलेली रक्कम. घाईत लोक दुसरा आकडा उचलतात. तो चुकीचा आहे, कारण ती रक्कम आरएसयू दिले त्या दिवशीच्या भावाने मोजलेली असते. द्यायचे आहेत ऑफरच्या भावाने. म्हणून संख्या घ्या, ऑफरने गुणा. मग विलीनीकरणाचा करार उघडा आणि व्हेस्ट झालेले, न झालेले व ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) यांचं काय होणार ते कलम शब्दशः वाचा. ज्या ऑप्शनचा ठरलेला भाव ऑफरपेक्षा जास्त आहे, ते सहसा काही न देता रद्द होतात.

उलटी चूकही होते. बातमीतल्या इक्विटी व्हॅल्यूमध्ये (सगळ्या शेअरच्या एकूण किमतीत) हे आरएसयू बऱ्याचदा आधीच मोजलेले असतात. म्हणजे पैसे उभारण्याच्या तक्त्यात ते धरले आणि नंतर रोख प्रवाहातूनही वजा केले, तर एकच देणं दोनदा फेडलं. क्लोजिंगला (व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशी) भरा किंवा पुढे वजा करा, एकदाच. कुठे धरलं ते त्या सेलशेजारी लिहून ठेवा.

हा विषय बारीकसारीक वाटत असेल तर ॲनाप्लान या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं २०२२ चं प्रकरण बघा. थोमा ब्राव्हो या प्रायव्हेट इक्विटी फर्मने मार्चमध्ये शेअरला ६६ डॉलर देऊ केले, एकूण सुमारे १,०७० कोटी डॉलर. सही आणि क्लोजिंगच्या मधल्या काळात कराराच्या अटी पाळण्यावरून वाद झाला, तो भरती आणि मोबदल्याचा होता असं बातम्यांत आलं. जूनमध्ये भाव ६३.७५ वर आला, एकूण सुमारे १,०४० कोटी. सही झाल्यावरही पगाराचं कलम किंमत हलवू शकतं.

आता एआरआर, म्हणजे वर्गणीसारख्या करारांतून दरवर्षी येत राहणारा महसूल. कंपनीच्या सादरीकरणातला आकडा मॉडेलमध्ये टाकू नका. ग्राहक, प्रॉडक्ट आणि महिना अशी ३६ महिन्यांची फोड डेटा रूममध्ये (विकणारा जिथे खरेदीदाराला कागदपत्रं दाखवतो तिथे) मागा आणि ती बिलांशी जुळवा. एकदाच विकलेलं लायसन्स, फुकट पायलट, सही झालेलं पण सुरू न झालेलं काम, हे सगळं एआरआरमध्ये घुसलेलं सापडतं. नेट रिटेन्शन (जुन्या ग्राहकांकडचा महसूल वर्षभराने किती टक्के राहिला, वाढ धरून) १०५ टक्के ऐकून खूश होऊ नका, ग्रॉस (वाढ न धरता) विचारा. नेटमध्ये भाववाढ गळती झाकते.

व्याजाचा दर बदलता असतो, हे शीटमध्ये दिसू द्या. प्लूरलसाइट ही ऑनलाइन प्रशिक्षण देणारी कंपनी २०२१ मध्ये व्हिस्टा या प्रायव्हेट इक्विटी फर्मने घेतली, कर्ज एबिटडावर नव्हे तर एआरआरवर मोजून दिलेलं होतं. त्यानंतर अमेरिकेतला मूळ दर शून्याजवळून पाच टक्क्यांच्या वर गेला आणि २०२४ मध्ये कंपनी कर्ज देणाऱ्यांच्या हाती गेली. दर तीन टक्क्यांनी वाढला तर काय, ही ओळ पहिल्याच दिवशी घाला.

आयटी सेवा कंपनीला हे सगळं जसंच्या तसं लावू नका. महापेची हेक्सावेअर घ्या: बेअरिंग या प्रायव्हेट इक्विटी फर्मकडे असताना २०२० मध्ये ४७५ रुपयांनी डीलिस्ट झाली, २०२१ मध्ये कार्लाइल या दुसऱ्या फर्मकडे गेली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ७०८ रुपयांनी पुन्हा बाजारात आली. ८,७५० कोटींचा तो इश्यू पूर्ण ऑफर फॉर सेल होता, म्हणजे पैसा विकणाऱ्याला मिळाला, कंपनीला नाही. इथे एआरआर नाही, इथे माणसं, युटिलायझेशन (त्यातली किती बिलाच्या कामावर आहेत) आणि बिलाचा दर.

शिकण्याबद्दल एक ठाम मत. इंटरनेटवरचं तयार टेम्प्लेट पहिले सहा महिने हातात धरू नका. कोऱ्या शीटवर तीन वेळा मॉडेल उभं करा, वेळ लागू द्या. मार्गदर्शक निवडताना मोठं पद बघू नका. ज्याने तीन-चार डील क्लोजिंगपर्यंत नेल्यात आणि जो तुमच्या शीटवर लाल खुणा करून परत पाठवतो, तो धरून ठेवा. नुसतं ‘छान झालंय’ म्हणणाऱ्याकडून काही शिकायला मिळत नाही.

आणि घाबरू नका. कोडिंग येत नाही किंवा समोरच्यासारखं इंग्रजी बोलता येत नाही, यामुळे या कामात कुणी मागे पडत नाही. कलम नीट वाचणारा माणूस टीममध्ये सगळ्यांना हवा असतो.

या रविवारी एवढंच करा. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या एडगर संकेतस्थळावर ॲनाप्लानचा विलीनीकरणाचा करार आणि त्याआधीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. व्हेस्ट न झालेल्या युनिटची संख्या काढा, आधी ६६ ने आणि मग ६३.७५ ने गुणा, आणि दोन्ही उत्तरं खर्ची न पडलेल्या रकमेशेजारी मांडा.