मंजुरीपत्र आलं तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. मी दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल घेत असताना मोबाइलवर ईमेल आला, प्रकल्प मंजूर झाल्याचा. तीन वर्षांचा निधी मिळणार होता. उपग्रह प्रतिमा आणि मशीन लर्निंग वापरून सोयाबीन, कापूस आणि तुरीचं गावनिहाय क्षेत्र काढायचं होतं. त्याआधी एक नकार पचवलेला, त्यामुळे डोळ्यांत पाणीच आलं. संध्याकाळी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. घरी जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंजी लागलेल्या दिसत होत्या, तरी मला काही उमगलं नाही.

प्रस्तावात मी लिहिलं होतं, ‘महिना १ ते ६ : क्षेत्रीय सर्वेक्षण’. पहिला महिना म्हणजे अनुदानाचा पहिला हप्ता खात्यात जमा होतो तो. हप्ता आला ऑक्टोबरच्या मध्यात. तोवर शेतात सोयाबीनची फक्त धसकटं उरली होती. कुठे काय पेरलं होतं हे डोळ्यांनी बघून लिहून घ्यायची संधी गेली, आणि ती पुढच्या जुलैपर्यंत परत येणार नव्हती. तीन वर्षांच्या प्रकल्पातलं एक आख्खं खरीप मी कागदावरच्या एका ओळीने घालवलं. हे पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ नये म्हणून लिहितेय.

तुम्हाला एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा मोजणारा निर्देशांक) म्हणजे काय, रँडम फॉरेस्ट आणि यू-नेट या दोन मशीन लर्निंग पद्धतींत फरक काय हे माहीत आहे असं धरून चालते. पैसे कुठून मिळतात हेही थोडंफार माहीत असेल. इस्रोचा रिस्पॉन्ड हा संशोधनाला निधी देणारा कार्यक्रम आहे. त्यात इस्रोची केंद्रं त्यांना हवे असलेले विषय जाहीर करतात, आणि तुमचा विषय त्या यादीशी जुळला तर तुम्ही अर्ध्या वाटेवर असता. इस्रोचे स्पेस टेक्नॉलॉजी सेल (संयुक्त संशोधन कक्ष) आयआयटी मुंबई आणि पुणे विद्यापीठात आहेत, तिथल्या लोकांशी आमच्यासारख्या छोट्या कॉलेजातल्यांनी जोडून घेणं शहाणपणाचं. दुसरी मोठी वाट एएनआरएफची, म्हणजे संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाची. जुन्या मार्गदर्शक लेखांत ‘एसईआरबी’ वाचाल. ती संस्था २०२३ च्या कायद्यानंतर एएनआरएफमध्ये विलीन झाली. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी त्यांचं प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. नवखे आहात, तर ते आधी बघा. ज्येष्ठांशी एकाच रांगेत उभं राहण्यापेक्षा आपल्या वयोगटात स्पर्धा करणं बरं.

डेटा विकत घ्यायला पैसे मागू नका, त्याची आता गरज उरलेली नाही. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमा फुकट आहेत, अमेरिकेच्या लँडसॅटच्या २००८ पासून फुकट आहेत. आपल्या एनआरएससीच्या (इस्रोचं दूरसंवेदन केंद्र) भूनिधी पोर्टलवर ५ मीटर आणि त्याहून ढोबळ प्रतिमा, म्हणजे ज्यांचा एक ठिपका जमिनीवर ५ मीटर किंवा जास्त असतो त्या, सगळ्यांना मोफत मिळतात. म्हणजे लिस-४ या कॅमेऱ्याच्या ५.८ मीटरच्या प्रतिमासुद्धा. खरिपात ढगांनी ऑप्टिकल, म्हणजे साध्या कॅमेऱ्यासारख्या प्रतिमांची वाट लागते. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात खरे, पण जुलैत एकही निरभ्र फोटो मिळत नाही असं होतं. म्हणून ढगांतूनही बघू शकणारं रडार शिकाच. सेंटिनेल-१ आहे, आपला ईओएस-०४ आहे, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून नासा-इस्रोचा निसार गेला, हे सगळे रडार उपग्रह. रडारची भीती मलाही होती. ती महिनाभरात जाते. आयआयआरएस डेहराडून या इस्रोच्या प्रशिक्षण संस्थेचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत आणि चांगले आहेत.

आता मुख्य गोष्ट.

माझ्या प्रस्तावातला सर्वांत मोठा आकडा होता जीपीयू सर्व्हरचा, म्हणजे मॉडेल शिकवायच्या ताकदवान संगणकाचा. क्षेत्रभेटींसाठी मी ‘प्रवास’ या शीर्षात किरकोळ रक्कम टाकली होती, तीही परिषदांच्या प्रवासासकट. सगळेच असं करतात, म्हणून मीही केलं. सर्व्हर दिसतो, त्यावर स्टिकर लावता येतं, प्राचार्य पाहुण्यांना दाखवतात. पण खरं सांगू? तो सर्व्हर नसता तरी माझं काम अडलं नसतं. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेकडे परम सिद्धी आणि ऐरावत हे महासंगणक आहेत, आणि मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या दहा हजार कोटींच्या वर खर्चाच्या इंडियाएआय मिशनमधून संशोधकांना स्वस्तात संगणनक्षमता द्यायची सोय झाली आहे. यंत्र मागायला आज दहा दारं आहेत. शेताच्या बांधावर उभं राहून ‘इथे काय पेरलंय’ हे लिहून घेणाऱ्या माणसाचा पगार, त्याच्या गाडीचं पेट्रोल आणि त्याचं दुपारचं जेवण यासाठी मात्र प्रस्तावात तुम्हीच मागितलं नाही, तर नंतर कुणीही देत नाही.

एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात पैसे वळवता येतील असं मला वाटलं होतं. वळवता येतात, पण परवानगी घेऊन. ती परवानगी यायला लागलेला वेळ पुढच्या खरिपाला पुरून उरला. यात कुणाची बदमाशी नव्हती. पत्र या टेबलावरून त्या टेबलावर गेलं, एवढंच.

मग दुसऱ्या वर्षी मी घाई केली. दोन विद्यार्थी, एक मोटरसायकल, नऊ दिवस. डांबरी रस्त्याने जायचं, दिसेल त्या शेताकडे मोबाइल धरायचा, जीपीएस बिंदू घ्यायचा, पुढे. सगळे बिंदू एकाच तालुक्यातले. ते मॉडेलला दिले, सत्तर टक्के शिकवायला आणि तीस टक्के तपासायला अशी यादृच्छिक विभागणी केली आणि अचूकता आली नव्वदीच्या वर. मी तो आलेख प्रगती अहवालाच्या पहिल्या पानावर लावला. आढावा बैठकीत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, ‘शेजारच्या तालुक्यात चालवून बघितलं का?’ नव्हतं बघितलं. परत येऊन बघितलं, तर आकडा साठीत.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या, कारण याच खड्ड्यात मी दरवर्षी नवी मुलं पडताना बघते. सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल एक गुंठा, इतका सोपा हिशोब आहे. एका एकरात चाळीस पिक्सेल. एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच वाणाचं बियाणं पेरलेल्या त्या चाळीस पिक्सेलांतले अठ्ठावीस तुम्ही शिकायला दिले आणि बारा परीक्षेला ठेवले, तर ती परीक्षा झालीच नाही. मुलाला प्रश्नपत्रिका पाठ करायला देऊन तीच सोडवून घेतल्यासारखं ते आहे. वेगवेगळ्या शेतांचे बिंदू असले तरी एकाच गावात माती तीच, पाऊस तोच, पेरणीची तारीख जवळपास तीच. मॉडेल सोयाबीन शिकत नाही, ते त्या गावाचं सोयाबीन शिकतं.

म्हणून विभागणी बिंदूंची करू नका, गावांची करा. काही गावं पूर्णपणे बाजूला ठेवा, त्यातला एकही बिंदू शिकवण्यात येऊ देऊ नका. शक्य असेल तर एक आख्खा तालुका ठेवा. आणि सर्वांत अवघड पण सर्वांत गरजेचं, एक वर्ष बाजूला ठेवा. आपल्याकडे पेरणी पावसावर ठरते. मृगात पाऊस झाला तर जूनच्या मध्यात पेरणीचं चाडं चालतं, नाही झाला तर जुलै उजाडतो. एकाच वर्षाच्या डेटावर शिकलेलं मॉडेल पीक ओळखत नसतं, तारीख ओळखत असतं. पुढच्या वर्षी पाऊस तीन आठवडे लांबला की ते कापसाला सोयाबीन म्हणू लागतं. प्रस्तावात ‘दोन खरीप हंगामांचं क्षेत्रीय सर्वेक्षण’ असं स्पष्ट लिहा, त्याचं कारण लिहा, त्याचे पैसे वेगळ्या ओळीत मागा. प्रस्ताव वाचणारे हे कारण समजतात. मी घाबरत होते की हे लिहिलं तर प्रस्ताव खर्चिक दिसेल. तसं होत नाही.

रस्त्यावरून बिंदू घेणं हा दुसरा घात. मोबाइलचं जीपीएस झाडाखाली पाच-आठ मीटर इकडेतिकडे होतं. तुम्ही बांधावर उभे, बिंदू पडला रस्त्यावर. शेतात आत जा, चारही बाजूंनी दोन पिक्सेल सोडून मध्यावर उभे राहा. परवानगी विचारून जा.

तिसऱ्या वर्षी मी स्वतः गेले. एका शेतात फॉर्मवर ‘सोयाबीन’ला टिक करत होते, तर शेतकरी मामा म्हणाले, ‘ताई, नुसतं सोयाबीन कसं लिहिलं? सहा तासं सोयाबीनची अन् एक तास तुरीचं हाय ना.’ तास म्हणजे पेरणीची ओळ. मी वाकून बघितलं. सोयाबीन गुडघ्याला लागत होतं आणि त्यातून तुरीची कोवळी रोपं जेमतेम वर डोकावत होती. मी त्यांना विचारलं, मग याला काय म्हणू? ते म्हणाले, ‘आता सोयाबीन म्हणा. दिवाळीनंतर या, तूर म्हणा.’ तेच शेत, तोच गुंठा, ऑक्टोबरात सोयाबीन निघतं आणि जानेवारीपर्यंत तूर उभी असते. माझ्या फॉर्मवर एका शेताला एकच पीक लिहायची जागा होती. त्या रात्री फॉर्म बदलला. आता त्यात ‘मुख्य पीक’, ‘आंतरपीक’, ‘किती तासांना किती तास’ आणि ‘पेरणीची तारीख’ असे चार रकाने आहेत. माझ्या कामातली सर्वांत मोठी सुधारणा त्या चार रकान्यांनी झाली, मॉडेलच्या कोणत्याही नव्या आर्किटेक्चरने (रचनेने) नाही.

तयार डेटासेटवर भागवून घेऊ असं वाटणं साहजिक आहे. युरोसॅट या डेटासेटमध्ये २७,००० उपग्रह प्रतिमा आहेत, जमिनीच्या वापराचे दहा वर्ग आहेत, शिकायला उत्तम. पण त्या युरोपातल्या आहेत, त्यात कापूस नाही आणि सहाला एक तूर तर नाहीच. नासा-आयबीएमचं प्रिथ्वी हे उपग्रह प्रतिमांवर आधीच शिकवलेलं मॉडेल २०२३ मध्ये खुलं झालं, मी वापरते, त्याने कमी नमुन्यांत काम भागतं. कमी नमुन्यांत म्हणतेय, नमुन्यांशिवाय नाही. ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतकऱ्यांनी मोबाइलवरून केलेल्या पिकांच्या नोंदी मिळवता आल्या तर मिळवा. महसूल खात्याची परवानगी लागते, वेळ लागतो, आणि मिळाल्या तरी त्यातल्या काही शेतांवर स्वतः जाऊन पडताळा केल्याशिवाय त्यांना सत्य मानू नका.

हे एवढं ताणून का सांगतेय? कारण हे नकाशे आता फक्त शोधनिबंधात राहत नाहीत. पीक विम्यात २०२३ पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रह-आधारित तंत्राला किमान ३० टक्के वजन दिलं गेलं. तुमची नव्वद टक्के अचूकता खोटी असेल तर त्याचा फटका त्या मामांच्या भरपाईला बसू शकतो.

गुरूंबद्दल थोडं. प्रस्तावावर मोठं नाव सह-अन्वेषक म्हणून असलं की तो मंजूर होतो, असं सगळे सांगतात. मला हे पटत नाही. ज्यांना तुमचा फोन उचलायला वेळ नाही, त्यांचं नाव तिसऱ्या वर्षी कामाला येत नाही. मला तीन माणसांनी तारलं. एक, तो एकच प्रश्न विचारणारे शास्त्रज्ञ. दोन, त्या मंडळातले कृषी सहायक, ज्यांना कुठल्या गावात कुणी काय पेरलं हे तोंडपाठ होतं. तीन, आमच्या हिशेब विभागातल्या मॅडम. मंजुरी आल्यावर पेढे आधी त्यांना द्या. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी कसा खर्च झाला याचा दाखला) कोणत्या नमुन्यात जातं, खात्यात साठलेलं व्याज परत भरावं लागतं, तालुक्याच्या ठिकाणच्या जीपवाल्याचं साधं बिल चालेल की नाही, हे त्यांना ठाऊक असतं. जीपवाल्याचं बिल नाकारलं गेलं तर ते पैसे तुमच्या खिशातून जातात. माझे गेले आहेत. पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर दुसरा हप्ता अडतो, तो अडला की प्रकल्प सहायकाचा पगार अडतो. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन छात्राला) महिना ३७,००० मिळतात हे कागदावर छान दिसतं. तीन महिने पगार थांबला तेव्हा माझ्याकडचा मुलगा घरभाड्यासाठी गावाकडून पैसे मागवत होता. त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही, मला दुसऱ्याकडून कळलं. ते अजून टोचतं.

प्रस्ताव लिहून देणारे सल्लागार आता गल्लोगल्ली झालेत. त्यांच्याकडे जाऊ नका. ते छान इंग्रजी लिहितात, आणि वेळापत्रकात ‘महिना १ ते ६’च लिहितात.

तुम्ही वेळापत्रक हंगामात लिहा. ‘पहिला खरीप’, ‘पहिली रब्बी’, ‘दुसरा खरीप’. मंजुरी कधीही आली तरी काम कुठून सुरू होईल हे दोन ओळींत लिहा. तुमचं महाविद्यालय सुरुवातीचं छोटं बीजभांडवल देत असेल तर प्रस्ताव पाठवण्याच्या आधीच एका खरिपाचे बिंदू गोळा करून ठेवा. शंभर चांगले बिंदूही चालतील. आणि नकार आला तर शेरे वाचा, आठवडाभर बाजूला ठेवा, पुन्हा वाचा. माझ्या पहिल्या नकारात ‘प्रशिक्षण नमुन्यांचं नियोजन अस्पष्ट’ असं लिहिलेलं होतं. तेव्हा राग आला होता. ते बरोबर होतं.

माझा दुसरा प्रस्ताव सध्या कुणाच्या तरी टेबलावर आहे. निकाल कधी येईल माहीत नाही. जुलैत राष्ट्रीय सेवा योजनेची अकरा मुलं घेऊन मी चौदा गावांत जाऊन आले, गाड्यांचं पेट्रोल कॉलेजने दिलं. चार रकान्यांचे फॉर्म भरून कपाटात ठेवलेत. दिवाळीनंतर त्याच शेतांवर पुन्हा जायचं आहे, तूर लिहायला.