टेलिफोटो झूमच्या स्टॅबिलायझरचा आवाज आणि थरथर : या चुका टाळा

हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी उतरले की महिनाभरात दोघेतिघे तरी आपली लेन्स माझ्या कानाशी धरतात आणि ती घरघरते, म्हणजे बिघडली का, असे विचारतात. बहुतेक वेळा लेन्स धडधाकट असते. बिघाड व्हायचाच असेल तर तो या आवाजाला घाबरून केलेल्या उपायांनी होतो. वर्षानुवर्षे त्याच त्या चुका पाहत आलो असल्यामुळे, त्यांतल्या ज्या खरोखर महाग पडतात त्यांविषयी येथे सविस्तर लिहितो.

आधी आवाज कशाचा असतो ते समजून घ्यावे. तो स्टॅबिलायझरचा, म्हणजे हाताच्या थरथरीने चित्र हलू नये म्हणून लेन्समध्ये बसवलेल्या यंत्रणेचा असतो. लेन्सच्या आत हाताची हालचाल टिपणारे गायरो सेन्सर असतात आणि त्यांनी दिलेल्या माहितीनुसार काचांचा एक लहान गट, चुंबक व तारेच्या वेटोळ्यांच्या साहाय्याने, हालचालीच्या उलट दिशेने सरकवला जातो. शटरचे बटण अर्धे दाबल्यावर हलकासा ‘कट्’ होतो, मग बारीक गुणगुण चालू राहते, आणि बोट काढल्यावर दोनेक सेकंदांनी पुन्हा ‘कट्’ होऊन सगळे शांत होते. हा आवाज म्हणजे यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. काही लेन्समध्ये हा गट काम संपल्यावर मध्यभागी अडकवून ठेवला जातो, तर काहींमध्ये तो मोकळाच राहतो आणि लेन्स हलवली की आत काही सुटल्यासारखे खुळखुळते. त्यामुळे नवी लेन्स घरी आणल्याच्या दिवशी, पंखा बंद करून, स्टॅबिलायझर एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून तिचे सगळे आवाज ऐकून ठेवावेत. हे दहा मिनिटांचे काम कोणी करत नाही आणि मग सहा महिन्यांनी पहिल्यांदाच ऐकलेल्या आवाजाने सगळ्यांची झोप उडते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे गुणगुण चालू असतानाच लेन्स काढणे. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्यासोबत आलेल्या एका तरुणाने नावेतच लेन्स बदलली. बोट नुकतेच बटणावरून निघाले होते, कॅमेरा चालूच होता, आणि समोर मोरघार दिसल्यामुळे त्याला दोन सेकंद थांबवले नाही. वीजपुरवठा मध्येच तुटल्यामुळे आतला गट अडकायच्या आधीच मोकळा राहिला आणि परतीच्या वाटेवर पिशवीत लेन्स खडखडू लागली. यावर उपाय अगदी साधा होता : लेन्स पुन्हा कॅमेऱ्याला लावायची, कॅमेरा चालू करायचा, बटण अर्धे दाबून सोडायचे आणि आवाज थांबल्यावरच कॅमेरा बंद करायचा. निकॉनच्या माहितीपुस्तिकांतही कंपन-नियंत्रण (स्टॅबिलायझरला निकॉनने दिलेले नाव) चालू असताना कॅमेरा बंद करू नये, लेन्स काढू नये असे सांगितलेले असते. पण त्याने त्याच रात्री एक व्हिडिओ पाहून घरच्या पेचकसाने लेन्स उघडली. खडखड थांबली खरी, परंतु त्या दिवसापासून त्या लेन्सच्या प्रत्येक चित्राची उजवी बाजू मऊ येते, कारण काचांचे केंद्र एकमेकांवरून सरकले आहे. मला त्या मुलाचे आजही वाईट वाटते. पैसे साठवून घेतलेली लेन्स अशा एका रात्रीत हातची जाऊ नये, म्हणूनच हे इतके लांबवून सांगतो आहे.

दुसरी चूक ट्रायपॉडची आणि गाडीची. एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या व आत आरसा असलेल्या, कॅमेऱ्यासाठी स्टॅबिलायझर असलेली पहिली लेन्स, कॅननची ७५-३०० मिमी, १९९५ साली आली. तिच्यासारख्या जुन्या पिढीच्या लेन्स पक्क्या ट्रायपॉडवर ठेवल्या की नसलेली हालचाल शोधू लागतात आणि व्ह्यूफाइंडरमधले चित्र आपोआप एका बाजूला वाहत जाते. नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात, तरीही मी पक्क्या आधारावर स्टॅबिलायझर बंदच करतो. ताडोब्याच्या जिप्सीत मात्र दोष वेगळाच असतो. इंजिन चालू असताना लेन्स गाडीच्या लोखंडी दांड्यावर टेकवली, तर इंजिनाची बारीक, जलद थरथर थेट लेन्समध्ये उतरते आणि तिच्यापुढे कोणताही स्टॅबिलायझर अपुरा पडतो. चालकाला “दादा, जरा इंजिन बंद करता का?” असे विचारावे. तो नाही म्हणत नाही. ते शक्य नसेल, तर तांदूळ भरलेली कापडी थैली मध्ये ठेवावी किंवा लेन्स सरळ हातात धरावी, कारण आपले शरीर ती थरथर बरीचशी शोषून घेते.

लेन्स मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीतून नेऊ नये. पाठीवरच्या पिशवीत न्यावी. मोठ्या दुचाकींच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनमधला स्टॅबिलायझर खराब होऊ शकतो, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये दिली होती, आणि मोठ्या लेन्समध्येही गायरो व चुंबकाचीच नाजूक जुळणी असते.

उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना पॅनिंगचा मोड निवडावा, नाहीतर लेन्स तुमच्याच हालचालीला विरोध करते. व्हिडिओत गुणगुण येत असेल, तर मायक्रोफोन कॅमेऱ्यापासून दूर ठेवावा. बॅटरी उतरली असताना लेन्सची परीक्षा घेऊ नये. लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथले धातूचे संपर्कबिंदू कोरड्या, मऊ कापडाने पुसावेत. खोडरबराने घासले की त्यांवरचा मुलामा झिजतो. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून हलणाऱ्या हवेमुळे चित्र लहरते, त्याचा दोष लेन्सला देऊ नये. आणि पळणारे हरीण स्टॅबिलायझरमुळे स्थिर होत नाही. त्यासाठी शटरचा वेगच वाढवावा लागतो. नवशिक्यांना हे पटायला फार वेळ लागतो, कारण खोक्यावर ‘चार स्टॉप’ असे, म्हणजे फक्त हाताच्या थरथरीपुरती शटर सोळापट वेळ उघडे ठेवण्याची सूट, छापलेले असते.

एवढे करूनही शंका उरली, तर भिंतीवर वर्तमानपत्रातले छोट्या जाहिरातींचे पान चिकटवावे आणि पाच मीटरवरून, ३०० मिमी व १/६० सेकंदावर, हातात धरून दहा चित्रे स्टॅबिलायझर चालू ठेवून व दहा बंद ठेवून घ्यावीत. प्रत्येक वेळी बटण अर्धे दाबून एक सेकंद थांबावे. चित्र स्थिर होण्याआधीच बटण खटकन दाबणाऱ्यांची परीक्षा सुरुवातीलाच फसते. चालू असतानाची अक्षरे स्पष्ट आली आणि बंद असतानाची पुसट, तर आवाज कसाही असो, लेन्स ठीक आहे. दोन्ही सारखीच पुसट आली, व्ह्यूफाइंडरमधले चित्र उड्या मारू लागले किंवा गुणगुणीच्या जागी सतत करकर ऐकू आली, तर मात्र लेन्स दुरुस्तीला न्यावी. दुरुस्ती केंद्रातल्या चिठ्ठीवर नुसते ‘आवाज येतो’ असे लिहू नये; आवाज बटण दाबताना येतो की सोडल्यावर, कोणत्या झूमला येतो, लेन्स खाली धरल्यावर बदलतो का, हे लिहावे आणि ती वीस चित्रे सोबत द्यावीत.