पीयूसी फेल, पण कॅट कन्व्हर्टर ठीकच निघाला

माझी गाडी २००८ ची, पेट्रोल, बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या नियमांची). दादरला पीयूसीला लावली तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १ टक्क्याच्या वर, आमच्या गाडीला लिमिट ०.५. एचसी (न जळलेलं पेट्रोल) मात्र ७५० पीपीएमच्या बरंच आत. गॅरेजवाला लगेच म्हणाला कॅट कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा) गेला, बदला. पण सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, मग ते का जातंय हे आधी बघायला नको का?

प्लग काढले तर टोकाला कोरडी काळी काजळी, म्हणजे मिक्स्चर रिच, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एअर फिल्टर बरा होता. मग स्कॅनर लावला, गरम इंजिनवर ऑक्सिजन सेन्सरचं (तो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो) व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली व्हायला हवं, इथे ते ०.१ लाच चिकटलेलं. सेन्सर मागवणारच होतो तेवढ्यात शेजारच्या काकांनी, ते जुने मेकॅनिक, बॉनेटखाली टॉर्च मारला आणि म्हणाले, "अरे हे बघ." एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जॉइंटवर, सेन्सरच्या अलीकडेच, काळा ओघळ. गॅस्केट फाटलेलं! तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिक्स्चर लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा पेट्रोल वाढवत बसतो.

गॅस्केट नवीन टाकलं, गंजलेले नटही बदलले (आपल्या खाऱ्या हवेत ते धरतातच), व्होल्टेज नाचायला लागलं. कॅट गरम असला तरच नीट काम करतो, म्हणून फ्रीवेवर चक्कर मारून तो तापवला आणि इंजिन बंद न करता तसाच टेस्टला गेलो. पास! कन्व्हर्टर जुनाच आहे.